पेटीवरची नंबरप्लेट

काटकोनकाकांना दुसरी ताकीद मिळाली तेव्हा आधी त्यांनी मागे वळून पाहिलं. पोलीस नक्की आपल्यालाच बोलतोय की आणखी कुणाला, हे त्यांना बघायचं होतं. मागे कुणीच नव्हतं.

"तुम्हालाच सांगतोय," पोलीस म्हणाला. "नंबर दिसत नाही तुमचा. पेटीखाली गेलाय."

तो खरोखरच गेला होता. काका रक्ततपासणीच्या एका लॅबसाठी मोटरसायकलवरून नमुने गोळा करायचे. सकाळी निघायचं, गल्लीबोळातल्या दवाखान्यांतून नळ्या उचलायच्या, थंड पेटीत ठेवायच्या आणि बाराच्या आत लॅबला पोचवायच्या. दोन महिन्यांपूर्वी लॅबने जुन्या पेट्या काढून नव्या दिल्या. नव्या पेट्या मोठ्या, पांढऱ्या, अंगाने गलेलठ्ठ, आणि मागच्या बाजूला अशा काही लोंबायच्या की नंबरप्लेट पार झाकून जायची. पेटी लॅबची, गाडी काकांची, आणि ताकीदही काकांचीच. याला न्याय म्हणायचं की काय म्हणायचं ते काकांना कळेना.

काटकोनकाका हे नाव त्यांना लॅबमध्ये मिळालं होतं. मोटरसायकल भिंतीशी बरोबर काटकोनात लागली नाही तर ते ती काढून पुन्हा लावायचे. त्याआधी सव्वीस वर्षं ते एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. लोकांच्या चुका शोधण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली, आणि छापखाना बंद पडल्यावर छप्पन्नाव्या वर्षी हे काम मिळालं. माणूस नाकासमोर चालणारा. पिवळा दिवा लागला की थांबणार, मागचे कितीही कोकलोत. अशा माणसाला वर्षात दोन ताकिदी! तिसरी मिळाली की लायसन्स सहा महिने निलंबित. लायसन्स नाही तर लॅबमध्ये काम नाही, आणि या वयात दुसरं काम कोण देतंय? दुसऱ्या ताकिदीच्या कागदावर खाली एक ओळ होती: नंबरप्लेट योग्य जागी बसवून येत्या गुरुवारपर्यंत तपासणी करून घ्यावी.

योग्य जागी. पण योग्य जागा कोणती?

काकांनी नियमांचं पुस्तक आणलं. त्यात लिहिलं होतं की नंबरप्लेट वाहनाच्या मागील बाजूस, स्पष्ट दिसेल अशी, सरळ, दिव्याने उजळलेली व कायमस्वरूपी घट्ट बसवलेली असावी. वाक्य काकांनी चार वेळा वाचलं. पहिल्यांदा ते कळलं, दुसऱ्यांदा थोडं कमी कळलं, चौथ्यांदा तर काहीच कळलं नाही. सरळ म्हणजे किती सरळ? मागील बाजू म्हणजे चाकाच्या मागे की माणसाच्या मागे? त्यांनी तीन जणांना विचारलं आणि चार उत्तरं मिळाली, कारण तपासणी कार्यालयातल्या फोनवरच्या बाईंनी आधी एक सांगून मग "थांबा हं" म्हणून दुसरंच सांगितलं.

"जेवण निवतंय," बायको म्हणाली. "प्लेट काय पळून जाणार आहे का?"

"पळत नाही, पण दिसतही नाही. तोच तर घोळ आहे ना."

बायको शिवणकाम करायची. जेवण झाल्यावर तिने गळ्यातली टेप काढली, खाली येऊन गाडीच्या मागे उकिडवी बसली आणि जमिनीपासून पेटीपर्यंतची उंची मोजून दिली. मग म्हणाली, "मेकॅनिककडे जा. पुस्तकात बघून कधी कुणाचं माप बसलंय?"

मेकॅनिकने गाडीभोवती एक चक्कर मारली. "काका, पेटी झाकतेय ना? मग पेटीवरच लावू. जी झाकते तिलाच दाखवायला लावायचं."

"पण कायमस्वरूपी घट्ट पाहिजे. पुस्तकात आहे तसं."

"चार रिवेट मारतो. पेटी फुटेल, प्लेट निघणार नाही."

काकांना हे पटलं. पेटीच्या मागच्या अंगावर, मधोमध, पाणसळ लावून प्लेट बसली. वर छोटा दिवा आला. त्याची वायर गाडीच्या वायरीला एका प्लगने जोडली, म्हणजे पेटी काढताना प्लग ओढला की झालं. आता प्लेट पेटीला कायमची बसली होती, आणि पेटी मात्र गाडीवरून एका खटक्यात उतरत होती. ही गोष्ट कुणालाही दिसावी अशी आहे. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका पकडणाऱ्याला ती दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी लॅबच्या आवारात सुसाट ती प्लेट बघत उभी राहिली. सुसाट म्हणजे नमुने आणणारी दुसरी. तिशीची बाई, घरी आई आणि शाळेत जाणारी मुलगी, तिघींचं घर हिच्या एकटीच्या कमाईवर. ती गाडी चालवायची तशीच बोलायची, आणि काकांचा जीव तिच्या चालवण्याने नेहमी टांगणीला लागायचा. एकदा ती त्यांच्या बाजूने गेली तेव्हा त्यांची टोपी उडाली होती.

"काका, हे कायद्यात बसतं?"

"बसतं," काका म्हणाले. इतका अभ्यास करून नाही कसं म्हणणार?

"तुम्ही म्हणताय म्हणजे बसणारच," ती म्हणाली, आणि संध्याकाळी त्याच मेकॅनिककडून आपलीही प्लेट तशीच, तिथेच, चार रिवेट मारून बसवून आली. दिव्याचा प्लगसुद्धा तोच.

लॅबमध्ये रोज संध्याकाळी पेट्या औषधाच्या पाण्याने धुतल्या जात. पूर्वी कसं, वापरलेली पेटी द्यायची, धुतलेली कुठलीही उचलायची आणि घरी जायचं. आता मात्र दोघांना आपापली पेटी वाळेपर्यंत थांबावं लागे. बुधवारी धुलाईवाला दोन्ही पेट्या ढकलगाडीवर घालून बाहेर आला आणि म्हणाला, "तुम्ही बसा, मीच लावतो." बिचाऱ्याने चांगुलपणा केला. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या, दोन पेट्या सारख्या, अंधारून आलेलं. खट, खट, दोन खटके बसले. दोघं आपापल्या घरी गेले.

गुरुवारी सकाळी काकांनी प्लेट ओल्या फडक्याने पुसली, मग कोरड्या फडक्याने पुसली. पुसली, पण वाचली नाही. स्वतःचा नंबर कोण वाचत बसतं?

लॅबने त्यांना दुपारपर्यंत सुट्टी दिली होती. तपासणी कार्यालयाच्या फाटकाशी पहारेकरी वही घेऊन बसला होता. "नंबर?" त्याने मान वर न करता विचारलं. काकांनी तोंडपाठ असलेला नंबर सांगितला, त्याने लिहिला. आत फोन बंद ठेवावा अशी पाटी होती, म्हणून काकांनी फोन बंद केला. त्या आवारात एवढं एक वाक्य पाळणारे ते एकटेच असावेत.

तपासनीस दोन होते, एक मोजणारा आणि एक लिहिणारा. मोजणाऱ्याने उंची मोजली, कोन मोजला, दिवा लावून पाहिला, प्लेट दोन्ही हातांनी हलवून पाहिली आणि प्रत्येक वेळी "ठीक" असं ओरडला. लिहिणारा काकांचे कागद समोर ठेवून त्यावरून सगळं उतरवत होता. मोजणाऱ्याचा वाचण्याशी संबंध नव्हता आणि लिहिणाऱ्याचा गाडीशी. दहा मिनिटांत शिक्का बसला. काकांनी प्रमाणपत्र तिथल्या तिथे दोनदा वाचलं. एकही चूक नव्हती. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं त्यांना वाटलं.

फाटकाशी पहारेकऱ्याने त्यांना पुढे जाऊ दिलं, मागून प्लेट बघितली, वहीत बोट फिरवलं आणि हाक मारली, "ओ, थांबा. ही गाडी आत आलेली नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे हा नंबर आत आलाच नाही. मग बाहेर कसा जाणार?"

"अहो, मी आत्ता तुमच्या समोरून आत गेलो!"

"तुम्ही गेलात हो. गाडी नाही गेली." पहारेकरी शांत होता. "जी आत गेली ती अजून आतच आहे. आणि ही जी निघालीय, ती आलेलीच नाही."

काकांना वाटलं, आपलं डोकं फिरलंय किंवा याचं. ते उतरले, मागे आले, आणि त्यांनी प्लेट वाचली. मग पुन्हा वाचली. नंबर सुसाटचा होता. लॅबच्या आवारात रोज शेजारी दिसणारा, चांगला ओळखीचा. आता त्यांच्या हातात प्लेट अगदी कायदेशीर जागी असल्याचं शिक्कामोर्तब झालेलं प्रमाणपत्र होतं, आणि प्लेट दुसरीची होती. काखेत कळसा असतो म्हणतात, इथे पाठीमागे होता.

"काय करू?" त्यांनी विचारलं.

"मला काय विचारता? माझी वही जुळली म्हणजे झालं," पहारेकरी म्हणाला, आणि त्याने नवा नंबर आलेल्यांत लिहिला आणि लगेच गेलेल्यांत लिहिला. जुना नंबर आतच राहिला.

रस्त्यावर आल्यावर काकांना खरी गोष्ट उमगली आणि त्यांचं धाबं दणाणलं. सुसाटचा नंबर इथे आहे, म्हणजे आपला नंबर तिच्या गाडीवर आहे. आणि ती बाई या घडीला गावभर पाखरासारखी उडत असणार! एक कॅमेरा, एक फोटो, की तिसरी ताकीद थेट आपल्या नावावर. त्यांनी फोन चालू केला. सुसाटचे दोन मिस्ड कॉल होते. झालं, काकांच्या मनाने घेतलं, हिने काहीतरी करून ठेवलंय. त्यांनी फोन लावला. वाजत राहिला, तिने उचलला नाही. त्यांनी परत लावला.

तिची फेरी त्यांना माहीत होती. पावणेअकराला ती टेकडीवरच्या दवाखान्यात असायची. तिथून पुढे बाहेरचा रुंद रस्ता लागतो, आणि त्या रस्त्यावर तिला आवर घालणं तिच्या आईलाही जमलं नसतं. तिला टेकडीवरच गाठायला हवं होतं, आणि टेकडी वीस मिनिटांवर. घड्याळात साडेदहा.

काका निघाले. रुंद रस्त्याला लागले. साठची मर्यादा, काकांचा काटा नेहमीप्रमाणे पंचेचाळीसवर. आणि तिथे त्यांच्या मनात एक विचार आला. तो त्यांनी बोलावला नव्हता, पण आल्यावर हाकललाही नाही. मागचा नंबर आपला नाही. कॅमेऱ्याने फोटो काढलाच, तर तो तिचा निघेल. तिच्या नावावर एखादी ताकीद लागेल. तिला त्याचं काय?

त्यांनी मूठ पिळली. साठ, सत्तर, ब्याऐंशी. मोटरसायकल आधी कुरकुरली आणि मग मोकळी धावायला लागली. वारा कानांत घुसला, गाड्या मागे पडल्या. काकांना, खोटं कशाला सांगा, मजा आली. आयुष्यभर पिवळ्या दिव्याला थांबलेला तो माणूस त्या रस्त्यावर चक्क हसत होता. पुलाजवळच्या खांबावर पांढरा उजेड चमकला. काकांनी तो पाहिला आणि वेग कमी केला नाही.

दवाखान्यात ते पावणेअकराला दोन मिनिटं कमी असताना पोचले. आवारात सुसाटची गाडी नव्हती.

"गेली का ती?" त्यांनी नर्सला विचारलं.

"आलीच नाही अजून. नळ्या कधीच्या भरून ठेवल्यात. ती असा उशीर कधीच करत नाही हो."

इतका वेळ काका ताकिदीची काळजी करत होते, आता त्यांना रस्त्यात आडवी पडलेली गाडी दिसायला लागली. मिस्ड कॉल आठवले. ते फाटकापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. अकरा वाजले. सव्वाअकरा झाले. काय समजायचं तेच त्यांना कळेना.

मग टेकडीच्या वळणावरून हॉर्नचा गलका ऐकू आला. सहा-सात गाड्यांची रांग चढ चढत होती, सगळे वैतागून हॉर्न मारत होते, आणि रांगेच्या तोंडाशी गोगलगायीच्या चालीने सुसाट येत होती. आत वळण्याआधी तिने हाताने खूणसुद्धा केली. तशी खूण या गावात काका सोडून कुणी करत नसे.

"काय झालं? लागलं का कुठे? गाडी बिघडली?" काकांनी एका दमात विचारलं.

"काही नाही झालं." तिने हेल्मेट काढलं. चेहरा घामाने डबडबला होता. "पहिल्याच दवाखान्यात पेटी उघडली तेव्हा बघितलं, प्लेट तुमची. तुम्हाला दोनदा फोन केला, बंद. मग म्हटलं, काकांच्या दोन झाल्यात, तिसरी माझ्यापायी नको. चाळीसच्या वर नाही गेले, काका. सायकलवाल्याने मागे टाकलं मला! सायकलवाल्याने! तुमचे फोन आले तेव्हा उचलले नाहीत, चालवताना फोन उचलला तर त्याचीही ताकीद असते ना."

काकांनी मान हलवली. ती कशासाठी हलवली हे त्यांचं त्यांनाही माहीत नव्हतं.

"बरं, चला, आधी बदलून टाकू," ती म्हणाली. तिने प्लग ओढला, खटका दाबला आणि पेटी उचलली. पेट्यांची अदलाबदल दोन मिनिटांत झाली. काकांची प्लेट काकांच्या गाडीवर आली, तिची तिच्या. कुठेही काही खूण उरली नाही. काका त्या दोन सरळ, स्वच्छ प्लेटांकडे बघत राहिले. काही झालंच नाही असं धरून चाललं तरी चालेल, असं त्यांना क्षणभर वाटलं, आणि वाटल्याची लाजही वाटली.

तेवढ्यात तिच्या खिशातला फोन वाजला. तिने मेसेज वाचला. भुवया जवळ आल्या. पुन्हा वाचला.

"काका, हे काय आहे? मला ताकीद आलीय. वेग ब्याऐंशी. दहा अडतीस. पुलाजवळ." ती त्यांच्याकडे बघायला लागली. "मी तर त्या रस्त्याला गेलेच नाही! ही माझी तिसरी आहे. दोन आधीच झाल्या होत्या, उन्हाळ्यात. कुणाला सांगितलं नव्हतं मी." आवाज चढला आणि मधेच बारीक झाला. "कॅमेऱ्याची चूक असणार ना, काका? तुम्हाला नियम माहीत असतात. अशी चूक होते ना?"

हो म्हणणं सोपं होतं. ती विश्वास ठेवणारच होती. प्लेट पेटीवर बसवताना ठेवला होता तसाच.

"कॅमेऱ्याची चूक नाही," काका म्हणाले. "मी होतो."

"तुम्ही?"

"तुला गाठायला निघालो होतो. तू पळवत असशील, माझ्या नावावर लागेल, म्हणून. आणि मागे नंबर तुझा आहे हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच पळवली. उजेड दिसला तरी पळवली."

फाटकाबाहेरून दोन-चार गाड्या एकेक करत निघून गेल्या. मग ती म्हणाली, "मी सकाळपासून लोकांच्या शिव्या खातेय, काका. तुमच्यासाठी."

"हो."

"आणि तुम्ही..." ती तोंड फिरवून गाडीच्या सीटला टेकून उभी राहिली.

काकांनी हात पुढे केला. "फोन दे इकडे."

मेसेजच्या तळाशी एक ओळ होती, नियमांच्या पुस्तकातली काकांना माहीत असलेली: त्या वेळी वाहन दुसरी व्यक्ती चालवत असल्यास येथे नोंदवावे. काकांनी ती उघडली. चष्मा वर केला, खाली केला. चालकाचं नाव या रकान्यात त्यांनी आपलं पूर्ण नाव टाइप केलं, जे लॅबमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. लायसन्सचा नंबर त्यांनी पाकिटातून काढून, एकेक आकडा वाचून टाकला. या वेळी वाचला.

"काका, तुमची पण तिसरी होईल ही," ती पाठमोरीच म्हणाली.

"माझीच आहे ती."

"मग सहा महिने काय करणार?"

"माहीत नाही," काका म्हणाले. खरोखरच माहीत नव्हतं. त्यांनी पुढचा रकाना वाचला आणि त्यांचं बोट थांबलं. त्यांनी तो पुन्हा वाचला. सगळ्यांत सोपा तोच होता, आणि नेमका तोच त्यांना भरता येईना.

"काय झालं? अडलं का काही?"

"चालकाचे वाहनमालकाशी नाते, असं विचारलंय," काका म्हणाले. "काय लिहू?"

सुसाट वळली. तिचे डोळे लाल झाले होते आणि राग अजून गेला नव्हता. तिने फोन त्यांच्या हातातून ओढून घेतला.

"काका लिहायचं," ती म्हणाली. "दुसरं काय लिहिणार?" आणि तिने स्वतःच ते लिहिलं.